छातीतील धडधड आणि मनाची धास्ती

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात वैद्यकीय विभागाच्या वतीने झालेल्या व्याख्यानाची संहिता)



वार्षिक मेळाव्यात वैद्यकीय विभागाने बोलायचे म्हणजे एखाद्या नव्या शस्त्रक्रियेविषयी किंवा नव्याने बसविलेल्या यंत्राविषयी बोलायचे, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. यंदा आम्ही एक साधीच तक्रार निवडली आहे. तिच्यासाठी शस्त्रक्रिया क्वचितच लागते आणि बहुतेक वेळा रुग्णालयात दाखल होण्याचीही गरज नसते. तरीही तिच्यापायी माणसे रात्री-अपरात्री रिक्षा करून आमच्या तातडीच्या कक्षात येतात, उसनवारी करून तपासण्या करवून घेतात, कामावर जाणे सोडतात आणि घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लावतात. ती तक्रार म्हणजे छातीत धडधडणे.

आपल्या भाषेला ही तक्रार फार जुनी ओळखीची आहे. काळजात धस्स होते, काळजाचा ठोका चुकतो, ऊर धपापतो, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, जीव घाबरा होतो. हे शब्दप्रयोग रूढ करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी शरीरशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते. पण भीती शरीरात कोठे कोठे उमटते याची त्यांनी केलेली नोंद अचूक आहे. (एकच बारीकशी गफलत राहून गेली. मटणाच्या दुकानात आजही काळीज मागितले तर यकृत मिळते, हृदय नाही.) मनातील धास्ती आणि छातीतील धडधड या दोन गोष्टी निराळ्या नाहीत, हे आपल्या आजीला ठाऊक होते. आजच्या रुग्णाला मात्र ते पटवून द्यावे लागते. कारण त्याला कोणी तरी सांगितलेले असते की, ‘रिपोर्ट चांगला आहे, तुम्हाला काही झालेले नाही.’ त्याला काही झालेले आहे. काय झाले आहे, ते आधी समजून घेऊ.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत एक लहानसा पेशीसमूह असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. ठोक्यांचा ताल तोच धरतो. त्याला मोकळे सोडले तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. परंतु मेंदूकडून येणारी एक मज्जा त्याला सतत आवरून धरते, म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ६० ते ८० च्या आसपास राहते. दुसऱ्या बाजूच्या मज्जा त्याला पुढे हाकतात. एक लगाम आणि एक चाबूक, असे समजावे. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके पडतात आणि त्यांतील एकही आपल्या ध्यानात येत नाही, हीच निसर्गाची मोठी कृपा.

भय वाटले की लगाम सैल होतो, चाबूक ओढला जातो, आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते. पळावे लागेल किंवा झुंजावे लागेल, या हिशेबाने रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. त्वचेकडचा प्रवाह आखडतो म्हणून हातपाय गार पडतात, पचनाचे काम थांबते म्हणून पोटात गोळा येतो. समोर वाघ असता तर ही सारी तयारी कारणी लागली असती. समोर बँकेची नोटीस असते, मुलाचा निकाल असतो, किंवा समोर काहीच नसते. फक्त रात्रीचे दोन वाजलेले असतात. धावायला जागा नसते आणि हृदय मात्र धावत राहते.

यानंतर जे घडते ते या आजाराचे खरे मर्म आहे. छातीत धडधडते आहे हे माणसाच्या ध्यानात येते. ‘हा हृदयविकाराचा झटका तर नव्हे?’ असा विचार येतो. त्या विचाराने भय वाढते, भयाने अ‍ॅड्रिनलिन वाढते, आणि धडधड दुपटीने वाढते. श्वास भराभर चालू लागतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. ही नवी लक्षणे पाहून रुग्णाची खात्रीच पटते की आपण आता वाचत नाही. असा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि अर्ध्या तासाच्या सुमारास ओसरू लागतो. पण त्या अर्ध्या तासात माणसाने आपला मृत्यू डोळ्यांसमोर पाहिलेला असतो. त्या अनुभवाला ‘मनाचे खेळ’ म्हणणे हे अज्ञानाचे आणि काहीसे निष्ठुरपणाचेही लक्षण आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ठोका ‘चुकणे’ याविषयीही दोन शब्द. बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसतो. तो वेळेआधी पडलेला असतो. त्याच्यामागे जरा लांब विसावा येतो आणि पुढचा ठोका भरलेल्या हृदयातून जोराने पडतो. आपल्याला जाणवतो तो हा विसावा आणि त्यानंतरचा धक्का. चोवीस तासांचा आलेख घेतला तर निरोगी माणसांतही असे अवेळी ठोके सर्रास सापडतात. ज्याचे हृदय अन्यथा निरोगी आहे त्याला तुरळक अवेळी ठोक्यांपासून सहसा धोका नसतो.

वैद्यकशास्त्राला या दुखण्याची ओळख रणांगणावर झाली, हे कदाचित आपणांस नवल वाटेल. अमेरिकेतील यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, फिलाडेल्फियाच्या जेकब द कॉस्टा या डॉक्टरांकडे असे सैनिक येत की ज्यांची छाती धडधडे, दुखे, थोड्या श्रमाने धाप लागे, आणि हृदय तपासावे तर त्यात दोष सापडत नसे. अशा ३०० हून अधिक सैनिकांच्या निरीक्षणावर त्यांनी १८७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात हेच दुखणे फार फैलावले आणि ते ‘सैनिकाचे हृदय’ या नावाने ओळखले जाई. अशा सैनिकांना हृदयरोगी समजून अंथरुणावर झोपवून ठेवण्याची रीत होती. टॉमस लुईस या हृदयतज्ज्ञांनी ती बदलली. त्यांनी सैनिकांना अंथरुणातून उठवले आणि पायरीपायरीने वाढत जाणारी कवायत द्यायला सुरुवात केली. विश्रांतीने हे दुखणे मुरते आणि मोजक्या श्रमाने सुधारते, ही गोष्ट अशा रीतीने शंभर वर्षांपूर्वीच ध्यानात आली होती. आपल्या घराघरांत मात्र अजूनही ‘तू पडून राहा, काही करू नकोस’ हाच सल्ला दिला जातो.

आता एक महत्त्वाचा इशारा. आजच्या विषयावरून कोणीही असा समज करून घेऊ नये की धडधड म्हणजे मनाचीच. आधी हृदय आणि रक्त तपासावे, मग मनाकडे वळावे. हा क्रम आम्ही कधीही उलटा करीत नाही. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, श्रम करताना छातीत दुखले किंवा धडधड सुरू झाली, पायांवर सूज असली, आधीपासून हृदयविकार असला, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असला, तर घरी बसून दीर्घ श्वसन करू नये. तडक रुग्णालय गाठावे. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेलेल्यांच्या हृदयाच्या झडपा खराब झालेल्या असू शकतात, आणि ते पुष्कळदा बाळंतपणाच्या काळात प्रथम उघडकीस येते. वयस्क माणसाची नाडी पूर्णपणे बेताल लागत असेल तर त्यातून पुढे पक्षाघात होण्याचा संभव असतो आणि तो औषधाने पुष्कळ अंशी टाळता येतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर आमचा विशेष आग्रह आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असले की हृदयाला फेऱ्या जास्त मारायला लागतात, म्हणून धडधडते. गलग्रंथीचा स्राव वाढला तरी तेच होते. अशा बाईला हिमोग्लोबिन न पाहताच ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून परत पाठविणे हा उपचार नव्हे. नाडी हाताने पाहणे, हृदयाचा आलेख, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी एवढ्याने पुष्कळांचा उलगडा होतो. त्यांपैकी एकही तपासणी दुर्मीळ नाही. सोबत चालू असलेली औषधेही दाखवावीत. दम्याचा फवारा, सर्दीच्या काही गोळ्या, जास्त झालेली थायरॉइडची गोळी, वजन उतरविण्याची कुठून तरी आणलेली पावडर, यांपैकी एखादीच धडधडीचे मूळ असू शकते.

या तपासण्या निर्दोष आल्या की मग थांबायचे असते, आणि खरी अडचण येथेच उभी राहते. निर्दोष अहवालाने रुग्णाला चार दिवस बरे वाटते. पाचव्या दिवशी पुन्हा धडधड होते आणि शंका येते, ‘मशीन बरोबर होते ना?’ मग दुसरे डॉक्टर, दुसरा आलेख, मग आणखी मोठी तपासणी. फाइल जाड होत जाते आणि पासबुक रोडावत जाते. या फेऱ्यांतून रुग्णाच्या मनात एकच गोष्ट पक्की होते : एवढ्या तपासण्या करतात, म्हणजे नक्कीच काही तरी असणार. म्हणून आमच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही ‘काही नाही’ हे शब्द टाळतो. ‘तुमचे हृदय निरोगी आहे. तुमची धडधड खरी आहे. ती अशी अशी निर्माण होते. आणि ती कमी करण्याचे काम आता आपण मिळून करायचे आहे,’ असे आम्ही सांगतो. हे सांगायला वेळ लागतो. त्या वेळाविषयी शेवटी बोलू.

ते काम म्हणजे बहुतांशी दिवसाची घडी बदलण्याचे काम, आणि त्याचा आरंभ आम्ही चहापासून करतो.

चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो, असे आपण कौतुकाने म्हणतो. एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असते. कॉफीत त्याहून बरेच जास्त. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा बाधत नाही असे मानतात, पण अस्वस्थ प्रकृतीच्या माणसाला त्याहून पुष्कळ कमी मात्राही पुरते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनंतरही शरीरात राहते. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेला चहा रात्री अकराला अर्धा शिल्लक असतो. आम्ही रुग्णाला विचारतो, ‘दिवसात चहा किती?’ उत्तर येते, ‘दोनदा.’ मग त्यांची पत्नी किंवा मुलगी बोटांवर मोजू लागते : उठल्यावर, नाश्त्याबरोबर, कामावर पोहोचल्यावर, अकराला, जेवणानंतर, चारला, पाहुणे आले की, आणि रात्री बातम्या पाहताना. कप लहान असतात हे खरे. पण बेरीज लहान नसते. उपवासाच्या दिवशी तर अनेक भगिनींच्या पोटात दुपारपर्यंत चहाखेरीज काहीच नसते, आणि दुपारी घाबरे घाबरे का झाले याचे त्यांना आश्चर्य वाटते.

तरीही आम्ही चहाला सरसकट गुन्हेगार ठरवीत नाही, कारण पुरावा तसा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १०० स्वयंसेवकांच्या अंगावर नोंदयंत्रे लावून त्यांना काही दिवस कॉफी घेण्यास आणि काही दिवस न घेण्यास सांगितले गेले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील अवेळी ठोक्यांत कॉफीने लक्षणीय वाढ झाली नाही. खालच्या कप्प्यांतील मात्र काहीशी वाढ आढळली, आणि कॉफीच्या दिवशी झोप सरासरी ३६ मिनिटांनी कमी झाली. माणसागणिक फरक पडतो, असाच याचा अर्थ. म्हणून आम्ही दोन आठवड्यांचा प्रयोग करावयास सांगतो. रोज एक कप कमी करीत जावे, दुपारी तीननंतर चहा बंद, आणि वहीत दोनच रकाने : चहा किती आणि धडधड केव्हा. एकदम सोडू नये, डोके धरते. दोन आठवड्यांनी वही पाहून रुग्णाने स्वतःच निकाल द्यावा. ज्यांना फरक पडत नाही त्यांनी आपला सकाळचा चहा सुखाने घ्यावा.

तंबाखूच्या बाबतीत असा प्रयोग नको, ती सोडायचीच. निकोटिनने नाडी वाढते यात शंका नाही. पुरुष विडी-सिगारेट किंवा गुटख्याचे नाव तरी घेतात. स्त्रियांची मशेरी मात्र ‘दात घासायला’ या सदरात जाते आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. सकाळी मशेरी लावल्यावर पंधरा मिनिटांनी धडधडते, असे सांगणाऱ्या बाईचा आजार शोधायला मोठे यंत्र कशाला हवे? मद्याविषयी इतकेच की, झोप यावी म्हणून घेतलेला पेला पहाटे तीनला धडधडत्या छातीने जागे करतो.

झोपेचा हिशेब आम्ही उठण्याच्या वेळेपासून मांडतो. रात्री केव्हाही डोळा लागो, सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी. हळूहळू रात्र आपोआप जागेवर येते. मोबाइल उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवावा. एकाच खोलीत सारे कुटुंब राहते अशा घरात हा सल्ला ऐकून लोक हसतात, आणि त्यांचे हसणे रास्त आहे. त्यांनी तो फळीवर, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवला तरी पुष्कळ झाले.

आता चालण्याविषयी. धडधडीचा रुग्ण जिने टाळू लागतो, मग बाजार टाळतो, मग गर्दीची बस. प्रत्येक वेळी टाळल्यावर सुटल्यासारखे वाटते आणि त्याचे जग एकेका गल्लीने आक्रसत जाते. म्हणून हृदय निरोगी असल्याची खात्री झाली की आम्ही त्याला चालायला लावतो. पहिल्या आठवड्यात सपाटीवर दहा मिनिटे. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवीत अर्ध्या तासापर्यंत, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले आठवड्याचे किमान १५० मिनिटांचे प्रमाण यात बसते. नियमित चालण्याने विश्रांतीच्या वेळची नाडी काही आठवड्यांत खाली येते, हा त्याचा एक लाभ. पण आमच्या दृष्टीने मोठा लाभ वेगळा आहे. चालताना छाती धडधडते, आणि घरी येऊन बसल्यावर ती आपोआप शांत होते. हे रुग्णाने रोज स्वतः अनुभवले की धडधड म्हणजे मृत्यू हे समीकरण हळूहळू सैल पडते. कोणत्याही डॉक्टरांच्या व्याख्यानाने ते काम इतके चांगले होत नाही. ‘घरकाम करते, तोच व्यायाम’ असे म्हणणाऱ्या भगिनींना आमची विनंती आहे की तो अर्धा तास घराबाहेर, रिकाम्या हाताने चालावे. भाजीची पिशवी घेऊन नव्हे.

श्वासाची गोष्ट त्याच जातीची आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना संथ होते. मनगटावर बोट ठेवून शांतपणे बसल्यास तरुण माणसाला हे स्वतःलाच कळते. तेव्हा सोडण्याचा काळ लांबविला की तो मघाचा लगाम थोडा आवळला जातो. चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा, सहा अंक मोजेपर्यंत सोडावा. मिनिटाला सहा श्वास. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील संशोधकांचा एक अभ्यास आला होता. लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला जवळजवळ सहावर येते आणि हृदयाचे ताल सुधारतात, असे त्यात दिसले. जप करणाऱ्यांनी तो जरूर चालू ठेवावा, संथ लयीत हरिपाठ म्हणणाऱ्यांनी तो म्हणावा, आणि ज्यांना यांतले काही नको त्यांनी नुसते आकडे मोजावेत. फुप्फुसांना सारे सारखेच. मात्र हा सराव सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे, मन शांत असताना करावा. झटका आल्यावर प्रथमच करायला जाणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. आणि जोरकस, जलद श्वासाचे प्रकार झटक्याच्या वेळी कटाक्षाने टाळावेत. तेव्हा श्वास आधीच जास्त चाललेला असतो. तोंडाला पिशवी लावण्याचा जुना उपायही करू नये.

अलीकडे मनगटी घड्याळे नाडी दाखवितात, आणि २०२०-२१ च्या साथीपासून बोटाला लावण्याचे यंत्रही घरोघर आले आहे. बेताल नाडी हुडकण्यास यांचा काही रुग्णांना खराच उपयोग होतो. धास्तावलेल्या माणसाच्या हाती मात्र ती जळत्यात तेल ओततात. दर पाच मिनिटांनी नाडी पाहणाऱ्याची नाडी पाहण्यानेच वाढते. अशा रुग्णाचे घड्याळ आम्ही महिनाभर घरच्यांकडे जमा करावयास सांगतो.

आता रुग्णांच्या आप्तांशी थोडे मोकळेपणाने बोलतो. आपण दोन टोकांना जाता. एक टोक म्हणजे ‘मन घट्ट कर, नाटके पुरे.’ दुसरे टोक म्हणजे प्रत्येक वेळी धावपळ, पंखा, लिंबूपाणी, शेजारपाजारचे गोळा होणे आणि रुग्णालय. पहिल्याने रुग्ण एकटा पडतो, दुसऱ्याने त्याचे भय खरे ठरते. तपासण्या झालेल्या असतील आणि झटका नेहमीसारखाच असेल, तर शेजारी बसावे, हळू बोलावे, ‘गेल्या वेळीही हे ओसरले होते’ एवढेच म्हणावे आणि सोबत श्वास मोजावा. झटका गेल्यावर त्याची सगळी कामे आपल्या अंगावर घेऊ नयेत. दळण आणायला तो जात असेल तर त्यालाच जाऊ द्यावे. हवे तर पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत सोबत जावे.

आणि हे सारे करताना एक गोष्ट विसरता येत नाही. चहा कमी केल्याने कर्ज फिटत नाही. नवऱ्याची दारू पत्नीच्या चालण्याने सुटत नाही. धास्तीला पुष्कळदा खरेखुरे कारण असते, आणि दिनचर्या बदलल्याने त्या कारणाला तोंड देण्याइतके बळ फार तर मिळते. म्हणून आमच्या समाजसेवा विभागातील ताई रुग्णाला प्रथम घरची हकीकत विचारतात. खर्चाचाच घोर असेल तर निर्धन रुग्ण निधीच्या नियमांत तो बसतो का, ते पाहतात. एका कागदावर सही झाल्याने धडधड थांबावी, हे औषधशास्त्रात बसत नसले तरी बाह्यरुग्ण विभागात घडते.

जीवनक्रम बदलूनही झटके थांबत नसतील, किंवा उदासी आणि जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील, तर वेळ न दवडता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. समुपदेशनाने आणि योग्य औषधांनी हा आजार चांगला आटोक्यात येतो. मुख्य औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि त्यांची चटक लागत नाही. झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ म्हणून दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या गोळ्यांची मात्र लागते. त्या सवयीतून रुग्णाला सोडविणे हे मूळ आजारापेक्षा अवघड होऊन बसते. शेजाऱ्याची धडधडीची गोळीही घेऊ नये. दमेकऱ्याला ती घातक ठरू शकते. रात्री बोलायला कोणी नसेल तर शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर १० प्रौढांमागे साधारण एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांविना होते. ते कोठे जातात? पुष्कळसे आमच्यासारख्या रुग्णालयांच्या हृदयविभागाबाहेरच्या बाकांवर बसलेले असतात.

देणगीदारांना आमची विनंती याच संदर्भात आहे. आपण दिलेली यंत्रे रोज उपयोगी पडतात आणि त्यांच्यावर आपल्या मातापित्यांची नावे आदराने कोरलेली आहेत. या आजाराला मात्र जी गोष्ट सर्वांत जास्त लागते तिच्यावर पाटी लावता येत नाही. ती म्हणजे एका माणसाचा अर्धा तास. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णामागे काही मिनिटेच मिळतात; तेवढ्यात आलेख पाहून होतो, माणूस ऐकून होत नाही. पूर्णवेळ समुपदेशकाचे वर्षाचे वेतन आणि चालण्या-श्वसनाच्या वर्गासाठी आठवड्यातून आणखी एक दुपार, एवढेच आम्ही मागत आहोत. यंत्राच्या मानाने ही रक्कम लहान आहे. पण ती एकदा देऊन भागत नाही, दर वर्षी लागते. विश्वस्त मंडळाने तिच्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा, असा प्रस्ताव विभागाने लेखी सादर केला आहे.

सध्याचा वर्ग दर गुरुवारी दुपारी तीन वाजता जुन्या बाह्यरुग्ण विभागाच्या दालनात भरतो. शुल्क नाही. येताना जुनी फाइल, चालू असलेल्या सर्व गोळ्या आणि चहाची वही बरोबर आणावी, आणि शक्यतो घरातील एक माणूस सोबत असावे. केसपेपर नेहमीच्याच खिडकीवर मिळेल. आता आपल्यापैकी ज्यांना प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी ते विचारावेत. चारचौघांत विचारणे अवघड वाटत असेल तर चिठ्ठी लिहून पुढे पाठवावी, नाव घालण्याची आवश्यकता नाही.